आईस ॲक्स, झिऱ्यावरचा कातळ आणि सोळा महिने

१७ डिसेंबर २०२३, रविवार. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. गावामागच्या झिऱ्यावर जो काळा कातळ आहे, त्यावर मी दोराला बांधून घेऊन चढत होतो. उजव्या हातातल्या आईस ॲक्सचं, म्हणजे बर्फात रोवून चढायच्या कुऱ्हाडीचं टोक एका कंगोऱ्यावर अडकवलं आणि हळूहळू वजन टाकलं. टक् असा कोरडा आवाज झाला आणि तळहाताएवढा तुकडा निसटून खाली झिऱ्याच्या कडेला पडला. वरून दोर होता म्हणून मी हातभरच खाली आलो. खाली शेळ्या घेऊन उभे असलेले काका त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबू, त्या पायरीवरून पोट्टे वर जातेत ना."

तेव्हापासून १३ एप्रिल २०२५ पर्यंत काय काय झालं, ते क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडे आता बरीच मुलं डोंगराचे कोर्स करून येतात. त्यातल्या कोणाच्या हातात ही हत्यारं आली आणि सराव कुठे करावा असा प्रश्न पडला, तर माझ्यासारखं कातळाजवळ जाऊन शिकायची वेळ येऊ नये.

आमचं गाव मेळघाटच्या अलीकडे, गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला. टेखला इथे कातळावरचं चढणं झालं, मग डोकरियानी हिमनदीवर बर्फातलं. बर्फाच्या भिंतीत ॲक्स मारायची, बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनची पुढची टोकं रोवायची आणि वर सरकायचं. त्या आठवड्याने मला वेड लावलं. स्पितीत जानेवारीत गोठलेले धबधबे चढतात, तिथे एकदा जायचंच असं ठरवून टाकलं. परत आल्यावर दिल्लीच्या एका मित्राकडून वापरलेली ॲक्सची जोडी २१,००० रुपयांना घेतली.

सराव कुठे करणार? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तेवढ्यात ड्राय टूलिंग नावाचा प्रकार कळला. बर्फ नसलेल्या उघड्या कातळावर आईस ॲक्स आणि क्रॅम्पॉन वापरून चढायचं. टोक मारायचं नसतं. कंगोऱ्यावर अलगद ठेवायचं, किंवा भेगेत घालून पिळायचं आणि वजन द्यायचं. जेफ लो या अमेरिकन गिर्यारोहकाने १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल इथे ‘ऑक्टोपसी’ हा मार्ग चढला. कोरड्या कातळाच्या छतावरून हत्यारांनी जाऊन लोंबत्या बर्फाच्या सुळक्याला हात घालायचा, असा तो मार्ग. त्यानंतर हा खेळ फोफावला. आता त्याच्या वेगळ्या श्रेणी आहेत आणि बर्फाचा लवलेश नसलेल्या गुहांतही तो चालतो. मला वाटलं, आपल्याकडे बेसाल्ट आहे, दोर आहे, दुसऱ्या टोकाला दोर सांभाळायला (त्याला बिले म्हणतात) चुलतभाऊ आहे. झालं.

तीन रविवार मी झिऱ्यावर गेलो. ज्या रविवारी तुकडा पडला, त्या दिवशी दोर आवरून मी पहिल्यांदा तो कातळ जवळून पाहिला. तोवर मी फक्त टोक कुठे बसेल तेवढंच पाहत होतो.

आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. ऊनपावसाने त्याच्यावर तपकिरी-काळी साय धरलेली असते, आणि सावलीच्या बाजूला दगडफूल. मसाल्यात घालतो तशाच जातीचं. कित्येक ठिकाणी ते नखाएवढं वाढायलाही वर्षं लागतात. माझ्या टोकांनी ती साय खरवडून आतला राखाडी दगड उघडा पडला होता. मी ओरखडे मोजले. एकेचाळीस. काही बोटभर, काही वीतभर. दगडफुलाच्या एका गोल चकतीवरून क्रॅम्पॉनच्या दोन समांतर रेघा गेल्या होत्या, पाटीवर खडूने ओढाव्या तशा. आणि जिथून तुकडा पडला तिथे कोरी, धारदार जागा. उरलेल्या पायऱ्या पोरांच्या अनवाणी पायांनी गुळगुळीत झाल्या होत्या. त्या हाताला लागत होत्या आणि ही नवी जागा बोचत होती.

मला रात्री झोप लागली नाही. तो तुकडा परत बसणार नव्हता.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि झालं ते सांगितलं. कोणी रागावलं नाही. काहींना मी काय बोलतो आहे तेच कळलं नाही, म्हणून ॲक्स सोबत नेली होती ती दाखवली. मागे बसलेल्या एका आजींनी ती हातात घेतली, टोकावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कायचं हत्यार हाय?" म्हटलं, बर्फाचं. त्या म्हणाल्या, "बर्फाचं हाय त बर्फात चालव ना बाप्पा. गोट्यानं तुयं काय केलं?"

पुढे महिनाभर मी मिळेल ते वाचत होतो, तेव्हा कळलं की आजींचा प्रश्न हाच या विषयातला मूळ वाद आहे. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात ॲक्सने चढण्याची मोठी परंपरा आहे, पण तिथला दंडक असा की कडा खरोखर हिवाळी झालेला हवा. कातळावर हिम किंवा गोठलेल्या दवाचा थर हवा, भेगांतली गवताची माती गोठून घट्ट झालेली हवी. माती गोठलेली नसेल तर टोकासरशी ती उपटून येते आणि तिच्यातल्या दुर्मीळ डोंगरी वनस्पतीही जातात. वेल्समध्ये क्वम इडवालच्या कड्यात तर मातीचं तापमान मोजणारी यंत्रं बसवली आहेत. घरून निघण्याआधी आकडा बघायचा आणि गोठलं नसेल तर जायचं नाही. आणि उन्हाळ्यात हातापायांनी चढले जाणारे चांगले मार्ग कोरडे असताना ॲक्सने चढणं तिथे सरळ चुकीचं मानतात. टोक पिळलं की भेगेच्या कडा झिजतात, तुटतात. मग पुढच्या माणसाचं बोट तिथे बसत नाही आणि दोरासाठी अडकवलेली पाचरही धरत नाही.

ही जाणीव जुनी आहे. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या कड्यांत लोखंडी मेखा ठोकून ठोकून भेगांची भोकं झाली, तेव्हा स्वतः मेखा बनवून विकणाऱ्या इव्हॉन शुईनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी १९७२ च्या आपल्याच माल-यादीत लिहिलं की मेखा थांबवा, हाताने बसणाऱ्या आणि हाताने निघणाऱ्या पाचरी वापरा. आपला चालता धंदा बाजूला ठेवून त्यांनी हे केलं, हे मला फार मोठं वाटतं. जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर आजही भेगेत धातूची पाचर घालत नाहीत, दोराच्या गाठी अडकवतात. कारण दगड मऊ आहे.

पुण्याच्या एका क्लाइंबर मित्राशी माझा यावरून फोनवर वाद झाला. त्याचं म्हणणं, "अरे, तुमच्या त्या कातळावर चढायला येतंय कोण? ना कुठला रूट, ना क्लब. कोणाचं काय जातं?" मी त्याला पोरांची पायरी सांगितली. तो म्हणाला, मग गाविलगडाच्या पोटातला एखादा कडा बघ. गाविलगड संरक्षित स्मारक आहे आणि भोवती मेळघाटचं जंगल, तो विषय तिथेच संपला. पण त्याचा ‘कोणाचं काय जातं’ मात्र माझ्या डोक्यात राहिला. मोर्शीच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या शैलाश्रयांत अमरावतीच्याच निसर्गप्रेमींना २००७ मध्ये हजारो वर्षांपूर्वीची चित्रं सापडली. त्याआधी कोणी तिथे हत्यारं घेऊन गेलं असतं, तर त्यालाही वाटलं असतं की इथे काहीच नाही. क्लब नाही म्हणून कातळ बेवारस होत नाही. स्कॉटलंडमध्ये चढणारे आपसात दंडक ठरवतात. आमच्याकडे चढणारा मी एकटा, म्हणून तो गावानेच ठरवायला हवा होता.

वाट सापडली तीही स्कॉटलंडकडूनच. डंकेल्डजवळ न्यूटाइल नावाची स्लेटची बंद खदान आहे. ड्राय टूलिंगवाले नैसर्गिक कडे सोडून तिथे जातात. माणसाने आधीच फोडलेला दगड. आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर, ई-क्लास जमिनीत, अशीच एक बंद गिट्टी खदान आहे. दहा-बारा मीटरची भिंत, सुरुंगाच्या भोकांसकट.

आता कागदपत्रांचा भाग. हा जरा सविस्तर सांगतो, कारण मी सगळ्यात जास्त इथेच चाचपडलो.

५ फेब्रुवारीला ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, ई-क्लास म्हणजे मालकी सरकारची, महसूलकडे जा. तलाठी म्हणाले, खदान आहे म्हणजे आधी लीज चालू आहे का ते खनिकर्मकडून कळायला हवं. मग १९ फेब्रुवारीला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि एकच नेमका प्रश्न: अमुक गट नंबरमधल्या खदानीचा परवाना आज अस्तित्वात आहे का, नसल्यास कधी संपला? अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, परवाना २०१६ ला संपलेला. दोन रुपये पानाप्रमाणे सात पानांचे चौदा रुपये भरून नकाशासकट प्रती घेतल्या. पुढे प्रत्येक टेबलावर हा एक कागद कामी आला. कुठल्याही बंद खदानीसाठी सुरुवात इथूनच करा. तोंडी चौकशीत महिना जातो आणि हातात काही येत नाही.

उत्तर हातात पडलं तोवर, १६ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली होती. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक सगळे निवडणुकीच्या कामात. आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान झालं, आचारसंहिता जूनमध्ये उठली. १ मेची ग्रामसभा झाली नाही. जूनमध्ये पाऊस आला आणि खदानीत पुरुषभर पाणी साचलं. ते चार महिने फार जड गेले. ॲक्सची जोडी कपाटात होती आणि तिला गंज चढू नये म्हणून मी दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवायचो.

त्याच काळात आमच्या सुतार काकांकडून बाभळीच्या लाकडाचे दोन दांडे करून घेतले, ॲक्सच्याच वळणाचे. टोकाच्या जागी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी फास, खिळ्यांऐवजी नटबोल्टने आवळलेला. गोठ्याच्या तुळईला लाकडी खुंट्या ठोकल्या आणि फास खुंटीत अडकवून लोंबकळायचं, एका खुंटीवरून दुसरीवर जायचं. परदेशात कृत्रिम भिंतींवर असेच बिनटोकाचे दांडे वापरतात. एकूण खर्च ६०० रुपये. खांदे आणि पकड यांची निम्म्याहून जास्त तयारी यातच होते, आणि दगडाला हातही लागत नाही. मी हे डिसेंबरच्या आधी करायला हवं होतं. तुमच्याकडे खदान नसेल तर एवढंच करा, पुरेल.

१५ ऑगस्ट २०२४ च्या ग्रामसभेत विषय घेतला गेला. सरपंच ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही पडले-गिडले त पंचायतीवर येईन ना सगळं?" रास्त प्रश्न होता. मी हमीपत्र द्यायचं ठरलं. दुसरी अट, ॲक्स घेऊन चढताना गावातलं एकही पोर खदानीत नको. तिसरी, खदानीच्या तोंडाशी धोक्याची पाटी माझ्या खर्चाने लावायची, कारण पावसाळ्यात त्या पाण्यात पोरं उतरतात आणि ती भीती माझ्या आधीपासूनची होती. चौथी अट माझीच होती, ती ठरावात लिहून घ्यायला लावली: झिऱ्याच्या कातळावर आणि गावाच्या हद्दीतल्या कुठल्याही नैसर्गिक कातळावर धातूचं हत्यार वापरणार नाही. ठराव एकमताने झाला. सही करताना माझा हात थरथरला हे खरं आहे.

ठरावाची प्रत, नकाशा, आधार आणि माहिती अधिकाराचं उत्तर जोडून २६ ऑगस्टला तहसीलला अर्ज दिला. पोच घ्यायला विसरू नका. तारखेचा शिक्का असलेली पोच होती म्हणून पुढे विचारता आलं. २४ सप्टेंबरला तलाठ्यांनी जागेचा पंचनामा केला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झालं. परत थांबणं. हमीपत्र करायला गेलो तेव्हा शंभराच्या मुद्रांकाचे दिवस संपले होते, ५०० चा घ्यावा लागला. टायपिंग आणि नोटरी धरून आणखी ३५०. ९ जानेवारी २०२५ ला एका वर्षाचं ना हरकत पत्र हातात पडलं.

त्या दिवशी खदानीच्या काठावर जाऊन बसलो. उद्यापासून सुरुवात करायची असं मनात होतं. तेवढ्यात उत्तरेकडच्या भिंतीवर, अर्ध्या उंचीच्या एका खणात, चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ दिसले. खाली गेलो तर उंदरांच्या हाडांच्या आणि केसांच्या गोळ्या पडलेल्या. २१ जानेवारीला ओळखीच्या वनरक्षक दादांना घेऊन गेलो. त्यांनी लांबूनच दुर्बीण लावली आणि ती माझ्या हातात दिली. दगडाच्याच रंगाचं, दोन शिंगं उभारलेलं एक शृंगी घुबड नारिंगी डोळ्यांनी आमच्याकडे पाहत होतं. त्याच्या पोटाखाली काहीतरी होतं. दादा म्हणाले, हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा त्यांचा विणीचा काळ. जमिनीवर किंवा अशा खणातच अंडी घालतात, सारखी हालचाल झाली तर घरटं सोडून जातील.

माझ्याकडे शिक्क्याचं पत्र होतं आणि पत्रात घुबडाचा उल्लेख नव्हता. दक्षिणेची भिंत तिथून शंभर मीटर अंतरावर आहे, तिथे चढलं तर काय बिघडतं असा विचार दोन दिवस मनात घोळत होता, नाकारत नाही. पण दगडाला आवाज असतो. ॲक्स कंगोऱ्यावरून सुटते तेव्हा खदानभर घुमते. एकेचाळीस ओरखड्यांसाठी तेरा महिने घातले आणि आता दोन महिन्यांसाठी घाई करायची, हे पटेना. थांबलो. दर रविवारी काठावरून दुर्बिणीने बघायचो. मार्चच्या सुरुवातीला दोन पिल्लं दिसली, मळक्या कापसाच्या बोळ्यांसारखी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खण रिकामा होता.

१३ एप्रिल २०२५, रविवार, पहाटे साडेपाच. दक्षिणेच्या भिंतीवर साडेसातपर्यंतच सावली असते. त्यानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. वर झाड नाही, म्हणून मुरमात तीन सब्बली तिरप्या ठोकून एकमेकींना बांधल्या आणि त्यावर दोराचा अँकर केला. काठावर दोर घासू नये म्हणून गोणपाटाची चौपदरी घडी. खदानीचा दगड सुरुंगाने आतून तडकलेला असतो. आदल्या रविवारी वरून लटकून सब्बलीने सुटे दगड पाडून घेतले होते, तरी तीन मोठे उरलेच. दोर कायम वरून, हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण सुटलेली ॲक्स सरळ चेहऱ्यावर येते.

सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांची अर्धी नळी भिंतीत तशीच राहिली आहे. तिच्या तळाशी टोक बरोबर बसतं. परदेशात काही ठिकाणी ड्राय टूलिंगसाठी मुद्दाम भोकं पाडतात. मी पाडणार नाही. आहे ते पुष्कळ आहे. त्या दिवशी चार वेळा चढलो, दोनदा निम्म्यावरून उतरलो. चुलतभावाची मान दुखायला लागली तेव्हा थांबलो.

एकूण खर्च विचाराल तर कागदपत्रं, झेरॉक्स, अकरा एसटीच्या फेऱ्या आणि पाटी मिळून ३,८०० च्या आसपास. त्यातले १,८०० पाटीचे. नूतनीकरणासाठी मुदत संपायच्या महिनाभर आधी अर्ज द्यायचा आहे. सोबत भिंतीचे आधीचे-नंतरचे फोटो जोडायचे आहेत, ते मी स्वतःच सुचवलं. उत्तरेची भिंत त्यातून वगळा असंही लिहिणार आहे.

परवा, दुसरा पावसाळा सरल्यावर, झिऱ्यावर गेलो होतो. ओरखडे तसेच आहेत. थोडे मळकट झालेत, पण लांबूनही ओळखू येतात. दगडफुलाच्या त्या चकतीवरच्या दोन रेघा अजून कोऱ्या आहेत. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वर जात होता. तुटलेल्या पायरीपाशी तो थांबला, डावा पाय लांब टाकून बाजूच्या भेगेत घातला, गुडघा कातळाला घासत वर ओढून घेतला आणि मागच्याला म्हणाला, "इथी नको ठेवू पाय, इथी लागते."